दुधातले सहा चमचे

काकूचं कापलेलं पोट परत फुगलं, डॉक्टरने तिला चांगलंच बनवलं, ही बातमी तिच्याच शिवणाच्या दुकानात मापं देऊन गेलेल्या बायकांनी पसरवली.

खरं तर काकूला सहावा महिना होता. वजनासाठी जठराचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली होती. जठर आता एवढंसं, म्हणून दर दोन तासांनी चारच घास. तेही डोळे मिटून, वीसवीस वेळा चावून. त्या चावण्याची नक्कल करून मी घरभर टाळ्या मिळवत होते.

आजीने, म्हणजे तिच्या सासूने, तिचं ताटच मोजायला घेतलं. "आधी पातेली चाटूनपुसून साफ करायचीस, आता चिमणीसारखं टिपतेस! पोरानं काय हवा खायची?"

"अहो आई, पाचवा घास गेला की आधीचे चारही बाहेर येतात."

"नाटकं!"

त्यात सोनोग्राफीत बाळ लहान निघालं. आजीने दुधात गुपचूप सहा चमचे साखर ढवळली आणि वर शपथ घेतली, "बिनसाखरेचं आहे गं."

पाव तासात काकूला दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली. ती मशीनवरून थेट कापडाच्या ढिगात कोसळली. गिऱ्हाईक वाकून म्हणालं, "माझी पँट आज मिळेल ना?" आणि आजी म्हणाली, "बघा, अशक्तपणा! अजून साखर हवी."

डॉक्टरीणबाईंनी आजीला झापलं. असल्या जठरातून साखर धाडकन आतड्यात उतरते. म्हणून बाकीच्या गरोदर बायकांसारखं साखरपाणी पाजून हिची तपासणी करायची नाही. आठवडाभर घरीच बोट टोचून रक्तातली साखर बघायची.

"रोज टोचणार? रडून घर डोक्यावर घेशील," आजी म्हणाली.

काकूने बोट पुढे केलं. "इतकी वर्षं शिवतेय, आई. ह्या बोटांना टोचणं म्हणजे गाळणीला भोक पाडणं."

साखरेचा डबा तिने दोऱ्यांच्या कपाटात कुलुपात टाकला. गोळ्या, चार घास, पुन्हा चार घास. नवव्या महिन्यात आजीच्या जिवावर मीही जीभ सैल सोडली. "पैज लाव काकू, बाळ दोन किलोच्या वर जात नाही."

काकूने दातांनी दोरा तोडला. "अडीचच्या वर. हरलीस तर आजीची नक्कल करायची. तिच्या तोंडावर."

मुलगी भरली दोन किलो सहाशे. आजीने काटा दोनदा तपासला.

घरी आल्यावर काकूने बाळाला मांडीवर घेतलं, आजीला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि मला म्हणाली, "हं, कर. चमच्यापासून सुरू कर."