साळ्याला फाईल दाखवली नाही

२०२२ साल. मी एकोणसाठ वर्षांचा. रेकॉर्ड रूमच्या दारात पाय रोवून उभा होतो. समोर माझाच साळा, बायकोचा भाऊ मारोती, हातात पेढ्यांचा डबा.

"भाऊजी, किल्ली तुमच्याच कमरेले हाय ना? एकच फाईल पाहाची हाय."

मी तुमसरच्या एका कॉलेजात शिपाई. शिकलो चौथीपर्यंत, पण त्या खोलीत मला विचारल्याशिवाय उंदीरही शिरत नव्हता. मारोतीच्या पोरासाठी सिहोऱ्याची वैशाली पाहून झाली होती. पोरगी पसंत. ती आमच्याच कॉलेजात बीएस्सीला. पण कोणीतरी मारोतीच्या कानात फुंकलं, तिचा बॅकलॉग आहे. बॅकलॉग म्हणजे नापास होऊन मागे राहिलेला पेपर. तसं निघालं तर सोयरीक मोडायची, असं त्यानं ठरवलंच होतं.

आमच्या ऑफिसचा नियम होता. विद्यार्थी अठराच्या वरचा असला की त्याचा रेकॉर्ड त्याच्या लेखी परवानगीशिवाय कोणाला दाखवायचा नाही. बापालाही नाही. मग होणाऱ्या सासऱ्याला कसा?

"नाही म्हंजे नाही."

"काहून? मी का परका हावो?"

"मले नाही. तिले परकाच हायेस."

मारोती तडक प्रिन्सिपॉल साहेबांकडे. पेढे टेबलावर. साहेबांनी मला बोलावलं.

"अहो, घरचेच आहेत तुमचे. दाखवून टाका."

"दाखवतो साहेब. फक्त तसं लिहून सही करून द्या."

साहेबांनी पेन काढला. माझ्याकडे पाहिलं. पेन परत खिशात गेला. "पेढे घेऊन जा, मारोतराव," म्हणाले. माझी छाती अशी फुगली, वाटलं सदऱ्याची गुंडी उडते आता!

व्हरांड्यात मारोती बोंबलला, "बहीण देली तुमाले, अन् तुमी एक फाईल नाही दाखवत!"

साऱ्या कॉलेजनं ऐकलं. वैशालीनंही; फाईल आपलीच, हे तिनं ओळखलं. ती सरळ पुढं आली. मला वाटलं, आता रडते.

"काकाजी, फिजिक्सचा एक पेपर राहिला होता, तो गेल्या परीक्षेत निघाला. मार्कशीट मी सोताच दाखवीन. पण तुमच्या पोराचीबी मले पाहाची हाय."

"बराबर हाय, पोरी!" मी ओरडलो. "म्याच आणतो!"

नोकरीत एक कळलं. किल्ली कमरेला असली म्हणून खोली आपली होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं वरठीला साळ्याच्या घरी गेलो. पोरगा प्लांटमधून नाईट ड्यूटी करून येऊन झोपला होता. मारोतीनं पोराची मार्कशीट कपाटातून काढली, माझ्यापुढं धरली.

मी हात मागं घेतला. "तुही सोताची हाय का ते? ज्याची हाय त्याले उठू दे."

आणि अंगणात खाट ओढून बसलो.