दुसरं गाऱ्हाणं
डांबरगोळ्यांचा वास आला की मला आईचा निळा स्वेटर आठवतो. भांडुपच्या उकाड्यात तो घालून ती आरशासमोर उभी होती. आम्ही तिघं काश्मीरला निघालो होतो. तिनं तिथल्या हाउसबोटवाल्याला दोनदा फोन करून थंडी किती, स्वेटर पुरेल का ते विचारलं होतं, बाबांनी आमच्या मालवणी रीतीनं देवापुढे नारळ ठेवून प्रवासाचं गाऱ्हाणं घातलं होतं. आणि निघायच्या चार दिवस आधी टीव्हीवर तिथल्या हल्ल्याची बातमी आली. पर्यटकांनाच मारलं होतं. आई ओरडली, "खड्ड्यात गेलं ते काश्मीर! कोण्णी जायचं नाही." येणं रद्द झालं हे सांगायला मी हाउसबोटवाल्याला फोन लावला. वाटलं, आता हा भांडणार. तर तो म्हातारा हळूच म्हणाला, "मत आइए बेटी. माँ को बोलो, स्वेटर सँभालके रखना." फोन स्पीकरवर होता. त्याचं घर पाहुण्यांवरच चालायचं, हे आम्हाला ठाऊक होतं. बाबा उठले, देवापुढचा तोच नारळ सरळ केला आणि आम्हाला मागे उभं करून म्हणाले, "बा देवा म्हाराजा, आमी काय आता थंय जाणव नाय. पण तो बोटवालो म्हातारो आसा, तेच्या घरादाराक सांभाळ, तेची चूल पेटती ठेव रे म्हाराजा!" गाऱ्हाण्याला मागच्यांनी होकार द्यायचा असतो. काश्मीरला खड्ड्यात घालणारी आईच शेजारी ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "व्हय म्हाराजा!" स्वेटर अजून कोरा आहे. काल तिनंच तो कपाटातून काढला आणि म्हणाली, "त्याला फोन लाव गं. थंडी किती आहे विचार."