मनकर्णाबाईचा लाल रंग

शिरूर कासारच्या बाजारात मनकर्णाबाईशी हुज्जत घालायला कुणी धजत नाही. माझा चहाचा गाडा तिथंच आहे, म्हणून छातीठोक सांगतो.

तिची आणि नवऱ्याची, म्हाळूची, दीडशे मेंढरं. प्रत्येक मेंढरू ती तोंडावरून ओळखायची. गेल्या साली तिचा डावा डोळा लाल झाला, धूर साचल्यासारखं दिसू लागलं. दुकानातले थेंब महिनाभर घातले, उपयोग शून्य. मग एकदा परक्याचं कोकरू आपलं म्हणून घेऊन आली, तेव्हा मात्र तिनं बीड गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्याचा आतला पडदा पाहिला, रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, हाताला सुई टोचून तिसऱ्या दिवशी आलेली गाठ मोजली.

"डोळ्याचा टीबी आहे."

"खोकला न्हाई, ठसका न्हाई, अन् टीबी?"

"डोळ्यातही होतो. नऊ महिने गोळ्या, एकही चुकवायची नाही. त्यातली एक मात्र कधीमधी डोळ्याच्या नसेला सोसत नाही. लाल रंग फिका दिसला, तर त्याच दिवशी या."

चौथ्या महिन्यात नजर बरीच निवळली. मेंढरं कातरून पाठीवर लाल खुणा केल्या, तर त्या तिला मळकट दिसल्या. झालं! बाई तणतणत अजिनाथच्या रंगाच्या दुकानात.

"लाल म्हून माती इकतो का रं?"

अजिनाथनं नवा डबा फोडला. "मावशी, लालभडक हाय की!"

मलाही बोलावलं. मीही लालच म्हणालो. मनकर्णाबाईला डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं. घरी न जाता तिनं समोरची बीडची गाडी धरली.

डॉक्टरीणबाईंनी तेवढी एक गोळी थांबवली. घरी म्हाळू हबकला. पुढचं तिनंच मला सांगितलं.

"समद्याच बंद कर, डोळे जातील," तो म्हणाला.

"एक कुत्रं चावलं म्हून मेंढरांच्या वाड्यावरची समदी कुत्री हाकलता का? टीबी राह्यला तरी डोळा जाईलच की!"

रंग लगेच परतला नाही. रोज सकाळी ती एकेक डोळा झाकून सुनेच्या कुंकवाकडं बघायची. गोळ्या मात्र एक दिवस चुकल्या नाहीत.

नऊ महिने संपल्यावर ती अजिनाथकडं आली. डबा उघडायला लावला. डावा डोळा झाकला, मग उजवा.

"रंग चांगला हाय तुझा," ती म्हणाली. "त्या दिशी उगंच बोलले."

मनकर्णाबाईची माफी बाजारानं पहिल्यांदाच ऐकली.