दुफीने काढलेला तांबडा डाग

पाद्रीबाबांच्या गाडीची सीट दुफीने बिघडवली ती निव्वळ उत्साहाच्या भरात.

घानातल्या कुमासी शहरात येबोआच्या धुलाई केंद्रावर ती गाड्या धुवायची. तिथली ती एकटीच बाई. चाकं, टप, काचा एवढंच तिचं काम. पण त्या दिवशी मागच्या सीटच्या सायीसारख्या चामड्यावर पेनाची निळी रेघ दिसली आणि तिला राहवेना. तिने ब्लीचचा बोळा घेतला आणि जोर लावून घासलं. रेघ गेली. दुफी खूश. जरा वेळाने सीट वाळली, तेव्हा कळलं की रेघेबरोबर चामड्याचा रंगही गेला होता. तळहाताएवढा खरखरीत चट्टा उरला होता.

पाद्रीबाबा येबोआला बाजूला घेऊन बराच वेळ बोलले. तो परतला तो तणतणत.

"सिस्टर, तुला आत हात घालायला कुणी सांगितलं होतं?"

"डाग होता, येबोआदादा."

"डाग होता, आता खड्डा आहे! जा, उद्यापासून येऊ नकोस. सकाळी चौकात बाजरीची पेज विकायला बस. पेज ढवळायला काय लागतं? काही बिघडत नाही त्यात."

"पेजसुद्धा करपते, दादा," दुफी म्हणाली आणि चप्पल पायात सरकवून निघाली. रडू आलं ते पार घराच्या गल्लीत शिरल्यावर.

एक दिवस ती झोपून राहिली. नवरा अंत्वी ट्रक घेऊन उत्तरेकडे गेला होता, त्यामुळे समजूत घालायलाही कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी उठली ती थेट सुआमे भागातल्या भंगारवाल्यांकडे गेली. मोडीत निघालेल्या एका गाडीची मागची सीट तिने घासाघीस करून मिळवली, हातगाडीवर टाकली आणि घरी आणून अंगणात मधोमध ठेवली. पिवळट चामडं, एका टोकाला फाटलेलं, पण बाकी धड.

मग तिने त्या सीटवर मुद्दाम पामतेल सांडलं.

शेजारच्या खोलीतली आजोआ चुलीजवळून बघत होती. "अगं दुफी, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"आहे. तुझ्याकडे शितो असेल तर चमचाभर दे. तोही लावायचाय."

"देवा! चांगली चटणी सीटला चारतेस?"

सगळ्या वाड्याला करमणूक झाली. अंत्वी परत आला तेव्हा अंगणात सीट बघून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "गाडीचा पत्ता नाही आणि सीट आधी आली! बाकीची गाडी कधी येणार?"

"तू ट्रक आणतोस ना दारात? त्यालाच लाव," दुफी म्हणाली आणि घासत राहिली.

ती रोज डाग पाडायची आणि रोज काढायची. पामतेल, शितो, लिपस्टिक, पेन, लहान मुलांचं ओकलेलं दूध. चुका भरपूर झाल्या. तेलावर पाणी ओतलं तर ते पसरून आणखी खोल गेलं. मग कळलं की आधी काही न करता वर कसाव्याच्या कंदाचं पीठ पसरायचं आणि स्वस्थ बसायचं. पीठ तेल ओढून घेतं. स्वस्थ बसणं दुफीला सगळ्यात जड गेलं.

तिचे वडील आग्या म्पियानी पूर्वी इथल्या राजाच्या दरबारी लोकांच्या चपला शिवायचे. आता नजर अधू झाली होती. ते सीटशेजारी स्टुलावर बसून बोटांनी चामडं चाचपायचे.

"पोरी, कातडं आहे हे. स्वतःच्या गालाला जे लावणार नाहीस, ते याला लावू नकोस."

"शाईला मग काय लावू, आग्या? गालाला लावायचं क्रीम?"

"लावून बघ. तेलकट क्रीम चोळलं की चपलेवरचं सगळं निघायचं."

क्रीमने शाई आणखी पसरली. आग्यांचं चामडं कोरं असायचं, या चामड्यावर रंगाचा पातळ थर होता. ते म्हातारबाबांना माहीत नव्हतं आणि दुफीलाही नव्हतं. सीट कोपऱ्यात खरवडून बघितल्यावर ते दोघांच्याही लक्षात आलं. "म्हणजे तुला मी काय शिकवणार!" म्हणून म्हातारा हसला. तरीही रोज येऊन बसायचा. पेनाची शाई शेवटी कापसाच्या टोकाला स्पिरिटचा थेंब लावून, नुसतं टेकवत टेकवत निघाली. घासायचं नाही आणि थर सुटायच्या आत थांबायचं, हे हाताला जमायला बरेच महिने गेले.

मग एका सोमवारी वाड्याच्या दारात पांढरी लांबलचक गाडी येऊन थांबली. ड्रायव्हर बोआडी खाली उतरला. चेहरा पार उतरलेला.

"ती सीटवाली बाई इथेच राहते का?"

गाडी माम्मे फ्रेमा नावाच्या म्हाताऱ्या बाईंची. लग्नासाठी भाड्याने द्यायची गाडी. शनिवारी माम्मे याच गाडीतून सख्ख्या बहिणीच्या मयतीला गेल्या होत्या, आणि जवळच्या माणसाच्या दुःखात नेसतात ते नवंकोरं तांबडं कापड घामाने भिजून त्याचा रंग मागच्या सीटवर उतरला होता. सायीसारख्या चामड्यावर भलामोठा लाल डाग. येत्या शनिवारी त्यावर नवरी बसायची होती.

"सगळीकडे फिरलो. येबोआ म्हणतो सीट नवीन शिवा. तेवढे दिवस कुठून आणू, सिस्टर?"

दुफीने डागावर नाक टेकवून वास घेतला. "कुणी ब्लीच लावलंय का?"

"नाही."

"मग बघते. आधी खालच्या कोपऱ्यात बघते. जमत नसेल तर तोंडावर सांगेन."

साध्या साबणाचा फेस, मऊ ब्रश, ओलसर फडकं. पहिल्या दिवशी डागाने अजिबात दाद दिली नाही. दुफी पाठ वाकवून मागच्या सीटवर गुडघे टेकून बसली होती, आणि फडकं प्रत्येक वेळी पांढरंच निघत होतं. आजोआने दारातून विचारलं, "शिवायला देऊन टाकायची ना?" दुफीने ब्रश पुन्हा फेसात बुडवला. दुसऱ्या दिवशी दुपारी फडकं गुलाबी निघालं. तिने ते आग्यांच्या नाकापुढे धरलं, त्यांना नीट दिसत नव्हतं तरी.

"आलं?"

"आलं, आग्या. येतंय."

बुधवारी येबोआ स्वतः बघायला आला. "ब्लीच आणून देऊ का, सिस्टर?" त्याने दात काढले.

"आण. तुझे दात पिवळे झालेत, त्यांना लागेल."

तो हसला, पण गेला नाही. खिडकीत कोपर टेकवून तिचे हात बघत राहिला.

शुक्रवारी माम्मे फ्रेमा काळ्या कापडात, काठी टेकत आल्या. सीट स्वच्छ होती. दुफीने मात्र त्यांचं बोट धरून शिवणीवर नेलं. "इथला दोरा रंग प्यायलाय, माम्मे. तो माझ्या हातून निघाला नाही. दोरा बदलावा लागेल."

शिवणीत बारीक गुलाबी रेष होती. म्हातारीने तिच्यावरून बोट फिरवलं.

"कापडवाला म्हणाला होता, रंग जाणार नाही," त्या म्हणाल्या. "येताना मी इथेच बसले होते. खूप रडले. उन्हात काच खाली करायचंसुद्धा सुचलं नाही." मग डोळे पुसून त्यांनी बोआडीकडे वळून पाहिलं. "याला मी उगाच बोलले. दोरा राहू दे गं. नवरी काय शिवणी मोजत बसणार आहे?"

दुफीला ते पटलं नाही. तिने त्याच दुपारी मोच्याकडून मेणाचा दोरा आणला, तेवढीच शिवण उसवली आणि आग्यांना शेजारी बसवून, त्यांच्या सांगण्यावरून टाका टाका करत पुन्हा घातली. सुई कशी तिरकी धरायची हे म्हाताऱ्याला अचूक ठाऊक होतं. दोन टाके वाकडे पडले. ते तिने उसवून परत घातले.

शनिवारी नवरी पांढऱ्या पोशाखात बसली आणि उतरली, पोशाख पांढराच राहिला. सोमवारी वाड्यासमोर गाड्या उभ्या होत्या. त्यांतली एक येबोआने पाठवली होती. दुफीने तिची सीट हाताने चाचपली आणि मालकाला परत धाडलं.

"हा डाग नाही, दादा. सिगारेटने जळलंय. हे कातडं धुऊन परत उगवायचं नाही. शिवणाऱ्याकडे जा," ती म्हणाली आणि पुढच्या गाडीचं दार उघडलं.