सा नसलेल्या तबकड्या

माझं पहिलं मूल अकोल्याला, जठारपेठेतल्या सासरच्या घरी, तापानं गेलं. दीड वर्षाचा होता. मी रडले नाही. रडायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं, रडू आलंच नाही. केर काढत होते, दूध उतू जायच्या आत उतरवत होते, आणि घरातली माणसं टकामका माझ्याकडे बघत होती. शेवटी सासऱ्यांनी वडिलांना निरोप धाडला, "पोरीले घेऊन जा. रडून मोकळी झाली की मी येतो न्यायले."

अमरावतीला माहेरी आले, तर शेजारच्या बाया टपूनच बसलेल्या. मूल गेलेली बाई रडली नाही तर दुःख डोक्यात चढतं, म्हणून तिला रडवायचं, ही आमच्याकडची समजूत. एकीनं माहेरी शिवून ठेवलेलं बाळाचं झबलं माझ्या मांडीवर टाकलं. दुसरीनं गळ्यात पडून हंबरडा फोडला, मग मध्येच थांबून माझे डोळे तपासले. कोरडे! "बाप्पा! कशी माय आहे व ही!" म्हणाली. ज्याचं जळतं त्याला कळतं, पण हे तिला सांगणार कोण? आज राग येतो, चांगला सणसणीत येतो. तेव्हा मी नुसती तिच्या नथीकडे बघत होते. आईला मात्र धास्ती बसली, की पोरगी अशीच राहिली तर सासरचे हिला परत नेणार नाहीत.

माझ्या भावानं तेव्हा नुकती वकिली सुरू केली होती. पक्षकार नव्हते, वेळ रग्गड. विलायतेत लढाई लागल्यावर अकोल्यातला एक गोरा कापूस-खरेदीदार सामान टाकून निघून गेला होता. त्याच्या सामानाच्या लिलावात भावानं फोनोच्या तबकड्यांचं एक खोकं उचललं. आत एकाच कुठल्याशा संगीतकाराच्या तबकड्या, आणि त्याचं नाव घरात कोणाला धड वाचता येईना.

भावानं घरच्या फोनोला किल्ली दिली, सुई ठेवली. चार फिडलं चार दिशांना पळाली.

"मशीन बिघडली का बे?" वडिलांनी विचारलं.

"नाही, असंच आहे हे," भाऊ म्हणाला. नाट्यपदं हार्मोनियमवर हुबेहूब काढणारा माणूस तो! त्यानं पेटी पुढे ओढली आणि त्या बाज्याचा सा शोधायला बसला. काळी एक झाली, पांढरी चार झाली. एका सुरावर बोट ठेवावं, तोवर वाजवणारे भलतीकडेच. शेवटी भाता दाबून म्हणाला, "याले साच नाही! बिनसाचं गाणं करते काय कोणी?"

मी उंबऱ्याशी बसून ऐकत होते. फार छान वाटलं असं म्हणणार नाही. तेव्हा काहीच वाटत नव्हतं. पण भजनाची तबकडी लागली की सगळे माझं तोंड न्याहाळायचे, आणि ही लागली की उठून जायचे. मला तेवढंच बरं होतं. भाऊ कोर्टात गेला की मीच फोनोला किल्ली देऊ लागले. एकामागून एक सगळ्या ऐकायच्या, परत पहिल्यापासून. कोणती आधीची, कोणती नंतरची, कळायला मार्ग नव्हता, आणि कळून करायचं तरी काय होतं! एका तबकडीत एक फिडल बारीक होत होत वर चढतं. आता काहीतरी होईल असं वाटतं, आणि काही होत नाही. ती मी पुन्हा पुन्हा लावायची.

एका दुपारी आई तांदूळ पाखडायचं सूप हातात घेऊन तरातरा आली. बंद करायलाच आली होती, कारण गल्लीत बोलणं सुरू झालं होतं. मी सुई उचलली नाही. तशी ती सूप खाली ठेवून बसली आणि ती बाजू संपेपर्यंत हलली नाही.

"त्याले रडाचं आहे व," ती फोनोकडे बोट करून म्हणाली, "पण जमून नाही राहिलं."

"हो," मी म्हणाले.

"मंग राहू दे. तुले बी नाही जमत तं राहू दे. मी सांगीन त्यायले, रडली म्हणून."

एवढं बोलून ती स्वतःच रडायला लागली, तोंडात पदर कोंबून. त्यानंतर रोजच रडायची. मी शेजारी बसून तबकडी उलटवायची.

सासरे न्यायला आले तेव्हा आई म्हणाली, "रडली जी, लय रडली." तिचे डोळे सुजून लाल झाले होते. ते बघून सासऱ्यांना खरं वाटलं. निघताना मी तिच्या पाया पडले, तिनं मला घट्ट जवळ घेतलं, आणि तेव्हाही मला रडू आलं नाही.