जमुनाबाईची गुडाखूची डबी

बोदलकसाच्या जमुनाबाईचा दिवस चहाने नव्हे, गुडाखूने उजाडायचा. तंबाखू नि गुळाचा तो काळा लगदा बोटाने दातांवर घासल्याशिवाय बाई कोणाशी धड बोलत नसे. मुलगा ओमेश नि सून रीता नागपूरला बांधकामावर. पाच वर्षांचा नातू कुशल मात्र तिच्याजवळ. म्हातारीचा जीव की प्राण.

कुशलची दाढ दुखू लागली, तेव्हा जमुनाबाईने आपल्या सासूने केलं असतं तेच केलं. बोटभर गुडाखू दाढेला चोळला. पोर निवांत झोपलं. "दुधाचे दात हायेत, पडतीनच," ती म्हणायची. कोणी समजावायला गेलं की वस्सकन अंगावर यायची. पुढे दाढ दुखो न दुखो, रोज सकाळी आजी-नातू ओसरीवर शेजारी बसून दात घासू लागले. बाईला केवढं कौतुक त्याचं!

गाल सुजला, तेव्हा रीता धावत आली. तिरोड्याला दातांच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं. पोर भिऊ नये म्हणून जमुनाबाईने त्याला बाजेवर निजवून तयारी करून घेतली. चमच्याचा आरसा झाला, आजी डॉक्टर झाली. "आ कर बापू. अन् डॉक्टरीण जे विचारन ते खरं सांगजो."

शहाणं पोर ते! खुर्चीवर बसला, एवढा मोठा आ केला, रडला नाही. डॉक्टरीण हसली. मग हिरड्या पाहून तिचं हसू मावळलं.

"गुड़ाखू कौन करता है, बेटा?"

"मी अन् आजी," कुशल ऐटीत म्हणाला.

रीताने सासूकडे पाहिलं. दोन दाढा काढाव्या लागल्या. सूज उतरताच तिने पोराचे कपडे पिशवीत भरले. जमुनाबाईने डबी उकिरड्यावर फेकली. "रीता, आता हात नाही लावत वो माय," म्हणत वाकली. सासू सुनेच्या पाया पडायला निघाली, पण रीता थांबली नाही.

एसटी आली. कुशलने आजीच्या गळ्याला मारलेली मिठी सुटेना. बाईचं काळीज भरून आलं. एवढा लळा आपला. आता रीता तरी कशी नेईल याला? तिने त्याला घट्ट धरलं.

कुशलने तिच्या कानाशी तोंड नेलं.

"आजी, डबी दे ना."

जमुनाबाईने स्वतःच त्याचे हात सोडवले नि त्याला रीताच्या कडेवर दिलं.