वढता का?

सुट्या सिगारेटी विकण्यावरचे नियम लवकरच कडक होणार, असं आमच्या आदिलाबादच्या कार्यालयात कळलं आणि एकदम धावपळ सुरू झाली. मी तिथे समुपदेशक आहे. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांशी बोलायचं, चघळायच्या गोळ्या द्यायच्या, पंधरा दिवसांनी पुन्हा विचारपूस करायची, हे माझं काम. पानटपरीवर एकेक सिगारेट मिळेनाशी झाली की लोक मदत मागायला येतील, तेव्हा मंडलाच्या, म्हणजे तालुक्यासारख्या, गावी आपली समुपदेशनाची खोली तयार हवी, असं साहेबांचं म्हणणं होतं. खोल्या मात्र दोनच मिळणार होत्या. जिथे ओढणारे जास्त, तिथे खोली. त्यातली एक महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या, मराठी बोलणाऱ्या बेल्याला यावी असं मला मनापासून वाटत होतं. माझं गाव त्याच बाजूला आहे, आणि तिथल्या माणसांचा खोकला मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

गावोगावच्या आशाताई घरी जाऊन फॉर्म भरणार होत्या. तेलुगू फॉर्मचं मराठी करायचं काम साहेबांनी मला दिलं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. माझ्या आईबाबांची हयात दुसऱ्यांच्या कापसात गेली, आणि आता सरकारी कागदावर माझी मराठी छापली जाणार होती. मी शब्दकोश जवळ घेऊन बसले आणि पहिला प्रश्न लिहिला, ‘आपण धूम्रपान करता का?’ प्रशिक्षणात आशाताईंना बजावलंही, “जसं लिहिलंय तसंच वाचा. एक शब्द बदलू नका.”

त्यांनी बदलला नाही. बेल्याकडचे गठ्ठे परत आले ते सगळे ‘नाही’ने भरलेले.

साहेब हसून तेलुगूत म्हणाले, “तुमचं बेला तर फार गुणी निघालं. मग खोली दुसरीकडे देऊ या.” मी दोन दिवस मागून घेतले.

रविवारी गावी गेले. बाबा अंगणात बसून बिडी ओढत होते. मी फॉर्म काढला आणि आशाताईसारखंच वाचलं.

“बाबा, आपण धूम्रपान करता का?”

“नाई वं,” बाबा धूर सोडत म्हणाले. “ते साहेब लोकायचं काम. आपल्याले काय करा लागते त्याचं?”

आई भाजी निवडत होती. ती खो खो हसायला लागली. “हातात काय हाय मंग तुमच्या? उदबत्ती?”

“बिडी हाय. बिडी वढतो मी. तिनं बिडीचं इचारलं काय?”

“मंग दिवसाले किती वढता?” मी विचारलं.

“एक कट्टा, अख्खं बंडल. कापूस येचाच्या दिवसात दीड.” मग राख झटकून ते म्हणाले, “अन् एक सांगू? सुटी शिगरेट भेटली नाई त लोक सोडतीन असं वाटून राह्यलं काय तुमच्या हापिसाले? बिडीवर येतीन. बिडीचं काऊन इचारत नाई तुमी?”

मला हसूही आलं आणि लाजही वाटली. या माणसांची भाषा मला जन्मापासून येत होती, म्हणून तर मला ते काम मिळालं होतं. तीच मी कागदावर येऊ दिली नव्हती. त्याच अंगणात बसून मी फॉर्म पुन्हा लिहिला. ‘बिडी, शिगरेट वढता का? दिवसाले किती? सुटी शिगरेट भेटली नाई त काय करसान?’ प्रत्येक ओळ आधी आईला वाचून दाखवली. तिने दोन शब्द बदलले.

कार्यालयातल्या मराठी जाणणाऱ्या एका ज्येष्ठ लिपिकांनी कागद पाहून कपाळाला हात लावला. “बाई, सरकारी कागदावर ‘वढता’? लोक म्हणतीन यांले लिवता येत नाई!”

“तुमी आत्ता काय बोलले सर?” मी म्हणाले.

तेही हसले, पण फॉर्म पुढे पाठवायची सही करेनात. शाळेत माझ्या गुरुजींनी ‘वढणे’ खोडून ‘ओढणे’ लिहायला शिकवलं. त्यांच्या त्या मेहनतीवरच मी इथवर पोचले, आणि ते उपकार मी विसरणार नाही. पण हा कागद परीक्षेचा नव्हता. मी साहेबांकडे गेले, अंगणात घडलेलं सगळं सांगितलं आणि चूक माझी होती हेही सांगितलं. साहेबांनी नवा फॉर्म उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, “मला ही मराठी कळत नाही. त्या लोकांना कळते ना? पाठवा.”

आठवड्याभरात फॉर्म आले. कोपऱ्यांवर मातीचे आणि हळदीचे डाग होते, आणि ‘किती’पुढच्या रकान्यात कट्टे, अर्धे कट्टे, ‘जेवल्यावर दोन’, ‘बायको नसली त जास्त’ असं काय काय लिहिलेलं होतं. साहेबांनी गठ्ठा पाहिला आणि बेल्याची खोली मंजूर केली.

दारावर आता तंबाखूमुक्ती केंद्राची रीतसर पाटी आहे. ती कोणी वाचत नाही. पहिल्याच मंगळवारी एक मावशी दारात आल्या आणि त्यांनी आत डोकावून विचारलं, “बिडीची खोली हेच काय वो बाई? आमचे मालक भाईर उभे हाईत. लाजून राह्यले.”

“हेच,” मी म्हणाले आणि त्यांच्या मालकांना आणायला स्वतः बाहेर गेले.